मेल्या डुकराच्या मातीला जाणारे साडू

मेलेल्या रानडुकराच्या मातीला न चुकता जाणारा माणूस अख्ख्या बारामती-इंदापुरात एकच आहे, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघावा, हे माझं नशीब. त्यांच्या डाळज गावाच्या आसपास कुणी वनखात्याची परवानगी काढून मक्यातलं डुक्कर मारलं, की साडू टिकाव-खोरं घेऊन हजर. सख्ख्या पुतण्याच्या हळदीला उशिरा पोचले, कारण वाटेत एक डुक्कर पुरायचं होतं. नव्या शर्टाला आधी माती लागली, मग हळद. कुणी हसलं तर म्हणायचे, "बंदुकीच्या छऱ्यात शिसं असतंय. त्याचा चुरा मांसात ऱ्हातो, अन् त्ये खाऊन घारी-गिधाडं झुरून मरत्यात. डुक्कर मारायची परवानगी हाय तुमाला, घारीची कुनी दिली?"

हा माणूस मला पहिल्यापासून खुपतो. ऊस माझा उंच, दूध माझ्या गाईचं जास्त. पण सासुरवाडीत पंगत बसली की चौकशी साडूंच्या घारींची. ते दुपारी बांधावर कोंबडीचे तुकडे टाकून शीळ घालतात आणि घारी डोक्यावर घिरट्या घालत उतरतात, हे माझी बायको माहेराहून आली की आठ दिवस ऐकवते. मी शीळ घातली तर आमचं कुत्रंसुद्धा कान हलवत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या उसातही परवानगीनं एक डुक्कर मारलं. ते पुरायचं तर साडूंना कळवायला हवं होतं, आणि आमच्या गावी पणदऱ्यात येऊन त्यांनी माझ्याच बांधावर कौतुक करून घ्यावं, हे मला सोसणार नव्हतं. शिशाचं ते पुराण मी कधी धड ऐकलंच नव्हतं. मी डुक्कर ओढत माळावर नेलं आणि उघड्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी घारीच घारी! बायकोला हाताला धरून दाखवायला नेलं. "अगं बाई, खरंच की," ती म्हणाली, आणि मी दिवसभर मिशीत हसत होतो.

चौथ्या दिवशी एक घार बाभळीखाली बसलेली दिसली. पंख जमिनीवर सांडलेले, मान धरवत नव्हती. जवळ गेलो तरी उडाली नाही. तेव्हा मात्र साडूंचं ते शिशाचं पुराण आठवलं. फोन मीच लावला.

दीड तासात साडूंची जीप आली. त्यांनी डुकराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी बोलणी खायला तयार होतो. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलात घार गुंडाळली.

"पाव्हणं, टोमॅटोचं क्रेट हाय का एखादं? हिला पुण्याला पक्ष्यांच्या डॉक्टरकडं न्हेतो. तुमी तवर ह्ये पुरा. खोल घ्या, कुत्र्यानं उकरू नये."

मी दुपारभर खणत होतो. संध्याकाळी फोन आला. घार वाटेतच गेली होती.

"दाजी, चूक माझी हाय," मी म्हणालो.

"न्हाय पाव्हणं. समद्या तालुक्याला सांगत फिरलो, अन् तुमच्या बांधावर कवा आलो न्हाय. म्हनलं, म्या आल्यालं तुमाला आवडत न्हाय."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.

पुढच्या महिन्यात सासुरवाडीला पंगत बसली. सासूबाईंनी विचारलं, "पणदऱ्याची ती घार कशानं गेली वो?" बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी भाकरी कुस्करत राहिलो.

"म्हातारी हुती," साडू म्हणाले, आणि आमटी मागितली.

आयुष्यात मला त्या माणसाचा इतका हेवा कधी वाटला नव्हता.