येण्याचा पाढा

आमच्या नातीला मराठीतलं एकच येतं, जयभीम. बाकी सगळं फ्रेंच. मुलगा कॅनडात जिथे राहतो तिथे फ्रेंचच चालते, सूनबाई तिथलीच, आणि तो कामावरून येईपर्यंत पोरगी झोपलेली असते. मी त्याला एकदा चांगलं खडसावलं होतं, की दोन शब्द शिकवायला काय पैसे पडतात का. शिकवीन म्हणाला. अजून शिकवतोच आहे.

मग गुरुजींनी ठरवलं की आपणच शिकायचं. गुरुजी म्हणजे माझे मिस्टर. फुलसावंगीकडे त्यांनी नोकरीभर पोरांकडून पाढे घोकून घेतले. सगळं गाव गुरुजी म्हणायचं, तेच मीही उचललं. रिटायर झाल्यावर आम्ही पुसदला घर केलं. येत्या उन्हाळ्यात मुलाकडे जायचं पक्कं होतं, पासपोर्ट येऊन पडले होते, आणि तिथे जाऊन नातीसमोर मुक्यासारखं बसायचं नाही, एवढाच त्यांचा हट्ट होता. माझाही होता, पण मी बोलून दाखवत नव्हते.

फ्रेंचमध्ये क्रियापदाचं भारी झंझट. मी येतो, तू येतोस, तो येतो, आम्ही येतो, ज्याचं त्याचं वेगळं रूप. आपल्यातही तसंच आहे म्हणा, पण आपलं बिनाकष्टाचं मिळालेलं. मोबाईलवर फ्रेंच शिकवणारी बाई एक रूप सांगायची आणि भलताच प्रश्न विचारायची. गुरुजींना ही शिकवण्याची रीत मुळीच पटली नाही. त्यांनी न्हाणीच्या दारावर खडूने देवनागरीत एकेक क्रियापद लिहिलं आणि त्याला बे एके बेची चाल लावली. सकाळी अंगणात तुरीच्या शेंगांचे सोले काढायला बसलो की ते पुढे म्हणायचे आणि मी मागून. ज्य व्ह्यें, त्यू व्ह्यें, इल व्ह्यें, नू व्हनों. हा येण्याचा पाढा. जाण्याचा वेगळा, खाण्याचा वेगळा. शेजारणीला वाटलं आम्ही कुठलं नवीन सूत्र पाठ करतोय. तिने विहारात चौकशीसुद्धा केली.

चाल लागली, पाठ झालं, आणि तिथेच घोडं अडलं. चालीत पाढे शिकलेल्या माणसाला सात सक किती विचारलं, की तो सात एके सातपासून चढत येतो. गुरुजींचं तेच झालं. रविवारी व्हिडिओ फोनवर नात काहीतरी विचारायची. प्रश्न त्यांना कळायचा, काय सांगायचं तेही ठरलेलं असायचं. पण ते एक बोट वर करायचे, म्हणजे थांब, आणि ओठातल्या ओठात पहिल्यापासून सुरू करायचे. रूप सापडून डोकं वर करेपर्यंत समोर नुसता सोफा दिसायचा. पोरगी मांजरामागे पळालेली.

मी हसायचे. एवढ्या वेळात पुसदहून ढाणकीची गाडी सुटून पोचेल, असं चिडवायचे. ते हसायचे नाहीत. एकदा फोन ठेवल्यावर ते न्हाणीच्या दारापुढे खडू घेऊन नुसतेच उभे राहिले, तेव्हा मला फार वाईट वाटलं. म्हटलं, अवो, जेवढं लागते तेवढंच म्हना ना.

"मंधातूनच कसं म्हनू? सुरूपासून म्हटल्याबिगर मले येतच नाही ते."

थंडी सरत आली आणि त्यांना धाप लागू लागली. आधी आम्ही दमा समजलो. पुसदच्या डॉक्टरांनी यवतमाळला पाठवलं. तिथे ऑक्सिजनचा मास्क लागला, आणि दोनचार तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, मुलाला बोलावून घ्या. तो तिकिटाच्या मागे लागला. निघण्याआधी त्याने फोन केला. आपल्याकडे संध्याकाळ, त्यांच्याकडे सकाळ. नातीने जयभीम केला आणि विचारलं, तुम्ही दोघं येताय ना?

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

गुरुजींनी मास्क बाजूला ओढला आणि बोट वर केलं. त्यांना चौथं हवं होतं, आम्ही येतो, नू व्हनों. एवढाच श्वास जमवायचा होता. मी कानाशी वाकून म्हटलं, फक्त चौथं म्हना. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि चालीत पहिल्यापासून सुरू केलं. ज्य व्ह्यें. मग थांबले. त्यू व्ह्यें. सिस्टर धावत आली, काकू, मास्क काढू देऊ नका म्हणाली. तोवर त्यांनी तिसरं म्हटलं होतं, आणि मग खोकल्याने पुढचं होऊच दिलं नाही. मी मास्क लावला. बोट तसंच वर.

मी स्क्रीनकडे बघायला घाबरत होते. बघितलं तर पोरगी होती. हनुवटीखाली हात घेऊन बसली होती. तिच्या बापाने चल म्हटलं तरी ती उठली नाही.

मुलगा पोचला तेव्हा गुरुजी नव्हते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून तो परत गेला. पासपोर्ट कपाटात आहेत. एकटीने जावं असं मला वाटत नाही, आणि हे मी त्याला सांगितलंही आहे.

रविवारचा फोन मात्र येतो. नात जयभीम म्हणते. मग बोट वर करते आणि बे एके बेच्या चालीत सुरू करते. ज्य व्ह्यें, त्यू व्ह्यें, इल व्ह्यें. ही चाल तिला कुणी शिकवली नाही, ती तिने दवाखान्यातल्या त्या फोनवरून उचलली. तिसऱ्यावर ती थांबते आणि हनुवटीखाली हात घेते. आजोबा कुठे गेले हे तिला आता सांगितलेलं आहे, पण ते कितपत कळलं कोण जाणे.

चौथं मला येतं. मागून म्हणून म्हणून पक्कं झालंय, मधूनसुद्धा म्हणता येतं. पण ते त्यांचं राहिलेलं आहे. मीही बोट वर करते, आणि आम्ही दोघी थांबून राहतो.