नुसतं ‘घ्या’

“घ्या,” म्हणून ती साहेबांच्या तळहातावर तिळगूळ ठेवायची आणि पुढच्या टेबलाकडे वळायची. पुढचे दोन शब्द नाहीत.

बाकी सगळ्यांना पूर्ण वाक्य मिळायचं. मला मिळायचं, चहावाल्या भैयाला मिळायचं. हिंदी विभागाला तर तिने स्वतः केलेला तर्जुमा मिळायचा: “तिल-गुड़ लीजिए, मीठा बोलिए.” आमचे साहेब मात्र तळहात पसरून तसेच उभे. सदाशिव पेठेत वाढलेला माणूस, ‘घ्या’नंतर ‘गोड बोला’ येणार हे त्यांच्या हाडात भिनलेलं. एकदा न राहवून म्हणाले, “पुढचं विसरलात का हो?”

“नाही सर,” ती म्हणाली. “आठवतंय.”

आणि गेली पुढे! मला हसू आवरेना. मी फाइलमध्ये तोंड खुपसलं.

तुम्ही म्हणाल, काय हा क्षुद्रपणा, सणासुदीचं! म्हणा. मला राग धरता येतो आणि धरलेला सोडता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. तिचं तर माझ्यापेक्षा वरचं होतं. आणि तिने डूख का धरला ते ऐकलंत की तुम्हीही नुसतं ‘घ्या’च म्हणाल.

आमचं ऑफिस नोएडात. शाळेची पुस्तकं तयार करणारी कंपनी, भाषा बऱ्याच. हिंदीवाल्यांचा अख्खा मजला आणि आमचा मराठी विभाग म्हणजे जिन्याशेजारचा एक कोपरा. त्यात मी, ती आणि साहेब. साहेब शेजारच्याच सेक्टरमध्ये राहायचे, पायी यायचे. मी मेट्रोने दोन स्टेशनांवरून. आणि ती पानिपतहून.

हो, पानिपतहूनच, रोज. नवरा तिथल्या एका चादरींच्या कारखान्यात रंगाईचं बघायचा. नोकरी चांगली, पण ती पानिपतलाच होती. हिचं काम मराठीचं, आणि पानिपतात मराठीचं काम कोण देणार? म्हणून सकाळी दिल्लीची शटल ट्रेन, तिथून मेट्रो, संध्याकाळी तेच उलटं. घरी लेक, शाळेत जायला नुकतीच लागलेली. तिचं मराठी हळूहळू ‘आई’ आणि ‘पोहे’ एवढ्यावर येऊन ठेपलेलं.

पहिल्याच दिवशी साहेबांनी पत्ता वाचला आणि खुर्चीतच उसळले. “पानिपत? वा! म्हणजे तुम्ही पानिपतकर!” तिचं खरं आडनाव त्या दिवशी जे संपलं ते संपलंच. रोज सकाळी ती दारातून आत आली की, “काय पानिपतकर, वाचलात का आज?” उशीर झाला की, “झालं का पानिपत?” संक्रांतीला तर विचारू नका. “आज तुमच्या गावचा दिवस हो!” हिंदीवाल्यांना यातलं काही कळायचं नाही, पण साहेब हसतायत म्हणून तेही हसायचे. पहिल्या काही वेळा ती पण हसली. मग हसणं बंद झालं, विनोद चालूच राहिला. एखादा विनोद पुणेरी माणसाच्या हाती लागला की तो झिजून भोक पडेपर्यंत वापरतो, हे मी माहेरच्या अनुभवावरून सांगते.

शटलच्या गर्दीत शिकलेलं एक वाक्य तिच्या तोंडी सारखं असायचं. “बघू, कोण आधी उतरतं.” उभ्याने प्रवास करणारी बाई बसलेल्यांचे चेहरे बघत असते ना, ही नरेलाला उठेल, ती सब्जीमंडीला उठेल, तसं. प्रिंटर अडला की, “बघू, कोण आधी उतरतं.” कँटीनच्या कूपनवाल्याशी भांडण झालं की तेच.

शुक्रवारी जेवताना आमचा ठरलेला विषय एकच. ‘परवडतं का?’ पैशाचं नव्हे, एवढं सगळं करून हातात काय राहतं त्याचं. नवरा दर रविवारी तिला तेच विचारायचा म्हणे.

“मग तू काय सांगतेस?” मी विचारायचे.

“सांगते, पुढच्या रविवारी सांगते. यार, मला हे काम आवडतं गं. एखादा धडा हातात आला की मी विसरते मी कुठून आले ते.”

“मग दोन दिवस घरून करायचं माग ना. पानं तर कॉम्प्युटरवरच असतात.”

तिने मागितलं. मी समोरच होते. अगदी नीट, नम्रपणे म्हणाली, “सर, कामात फरक पडणार नाही. विश्वास ठेवा.”

साहेबांचे डोळे लकाकले. असला चेंडू ते सोडतात होय! “विश्वास?” ते म्हणाले, “अहो, विश्वास तर पानिपतावरच गेला!”

आणि स्वतःच्या विनोदावर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग गंभीर चेहरा करून म्हणाले, “नाही हो. माणूस डोळ्यांसमोर लागतो मला.” ती जागेवर येऊन बसली. कान लाल झाले होते तिचे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण विचारलंय कोणी मला!

त्यानंतर तिने नोकरी सोडायचं ठरवलं. मला सांगितलंही. “सोमवारी बोलते सरांशी. नाही परवडत.” मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

पण सोमवारी भलतंच झालं. सकाळीच शाळेतून फोन आला, लेक घसरगुंडीवरून पडली, हात मोडला. नवरा निघालाय दवाखान्यात, पण पोरगी आईच्या नावाने रडतेय. ती पर्स उचलून साहेबांपुढे उभी राहिली. साहेब म्हणाले, “अरेरे. पण आज पानं प्रेसला जायचीत. तेवढी संपवा आणि जा. आता निघालात तरी पोचणार कधी? पानिपत काय जवळ आहे?”

मी उठून म्हटलं, “सर, मी करते तिची पानं.”

“तुम्ही तुमची करा,” साहेब म्हणाले.

तुम्ही म्हणाल, निघून जायचं ना सरळ! मीही तेच म्हणाले. पण ती बसली. एकेक पान ओळीला बोट लावून वाचलं, शेवटचं पान ठेवलं आणि कोणाकडे न बघता गेली. घरी पोचली तेव्हा पोरीच्या हाताला प्लॅस्टर होऊन ती झोपली होती. दुसऱ्या दिवशी ती रजा घेईल, राजीनामा पाठवेल असं मला वाटलं होतं. तर ही नेहमीच्या गाडीने हजर!

“अगं बये, तू सोडणार होतीस ना?”

“आता नाही सोडत,” ती म्हणाली. आवाज इतका शांत की मला भीतीच वाटली. “काल सोडली असती. आज सोडली तर मी हरून गेले असं ते सांगत फिरतील, आणि त्याच्यावर विनोदही करतील. बघू, कोण आधी उतरतं.”

तेव्हापासून तो प्रवास नोकरीसाठी उरला नाही, खुन्नससाठी झाला. ती नाकावर टिच्चून यायची. पूर्वी साहेबांच्या चुका ती गुपचूप दुरुस्त करायची, आणि त्या बऱ्याच असायच्या. ते तिने बंद केलं. साहेबांच्या हिरव्या शाईतलं काही दिसलं की बोटसुद्धा लावायची नाही. “त्यांचं ते त्यांना.” मला ते बरोबर वाटत होतं, आजही वाटतं. फक्त शुक्रवारी ‘परवडतं का’ हे विचारायचं आम्ही सोडून दिलं. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

मग एका थंडीत सहावीची कार्यपुस्तिका आली. वाक्प्रचार, अर्थ आणि वाक्यात उपयोग. यादीत ‘पानिपत होणे’ आहे बघताच साहेबांना चेव आला. हिरवं पेन काढलं, जुनं वाक्य खोडलं, वर नवं लिहिलं आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं वाचलं:

“पानिपतकर बाई आजही उशिरा आल्या आणि साहेबांपुढे त्यांचे पानिपत झाले.”

मजल्यावर खोखो. गंमत म्हणून लिहिलं होतं, नंतर खोडायचंच होतं. पण साहेब विसरले. आमचा डीटीपी ऑपरेटर दरभंग्याचा. त्याला मराठी कळत नव्हतं, पण देवनागरी वाचता यायचं. कागदावर हिरव्या शाईत जे असेल ते इमानदारीने टाईप करायचा. त्याने केलं.

शेवटचं प्रूफ आलं तो दिवस धुक्याचा. दिल्लीचं धुकं म्हणजे समोरचा खांब अंगावर येईपर्यंत दिसत नाही. शटल रखडत रखडत आली, ती ऑफिसात पोचली तेव्हा जेवणाची वेळ झालेली. आणि साहेब? साहेब घरी! शेजारच्या सेक्टरमधून धुक्यात यायचं कसं, नाही का? ते घरून काम करत होते.

तिने पानं चाळायला घेतली आणि एका पानावर थांबली. मला खूण केली. मी वाकून पाहिलं. पानिपतकर बाई तिथेच होत्या, सुबक टायपात. माझ्या तोंडून “अगं आई गं!” निघालं.

“खोडू का?” मी विचारलं.

तिने साहेबांना फोन लावला, स्पीकरवर. “सर, शेवटचं प्रूफ आलंय. एकदा बघून घ्या.”

“तुम्ही बघितलंत ना?”

“हो सर. पण तुमची एक दुरुस्ती आहे, ती तुम्ही बघून घ्या.”

“अहो पानिपतकर, माझी दुरुस्ती म्हणजे बरोबरच असणार. त्यात हात घालू नका. जसंच्या तसं पाठवा.”

“जसंच्या तसं?”

“मराठी कळतं ना तुम्हाला?”

“कळतं सर,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळली. “ऐकलंस ना? हात घालू नका म्हणाले.”

पानं प्रेसला गेली. मला त्या दिवशी झकास भूक लागली होती. तिने डब्यातला पराठा अर्धा मला दिला आणि आम्ही दोघी जेवलो.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि पहिला फोन साताऱ्याकडच्या एका शिक्षिकेचा आला. “ह्या पानिपतकर बाई कोण? मुलं विचारतायत.” मग दुसरा, मग पालकांचे. पानाचे फोटो मोबाईलवर फिरायला लागले. शेवटी मालक खाली आले. पुस्तक हातात, चेहरा लालबुंद. “ये पानीपतकर कौन है?”

ती उभी राहिली. “मैं हूँ सर. ऑफिस में मुझे इसी नाम से बुलाते हैं.”

“और ये किसने लिखा?”

मला वाटलं होतं ती बोलेल, मी वाट बघत होते. तिने फक्त प्रूफाचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. हिरवं पेन त्या मजल्यावर एकच माणूस वापरायचा. त्या माणसाने तोंड उघडलं, “सर, वो तो मज़ाक में...” आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पुढचा विनोद सुचला नाही. मला विचाराल तर इतकं गोड काही मी त्या ऑफिसात ऐकलं नव्हतं.

महिनाअखेरीला साहेब ‘स्वेच्छेने’ गेले. मी पेढे आणले होते, वाढदिवस म्हणून सांगितलं. वाढदिवस माझा डिसेंबरात.

आमचा कोपरा हिंदीच्या मॅडमकडे सोपवला गेला. ती त्यांच्याकडे गेली, दोन दिवस घरून काम करायचं विचारायला. त्या मान वर न करता म्हणाल्या, “हाँ हाँ, बिल्कुल. इसमें पूछना क्या है?”

बाहेर येऊन ती जिन्यात बसली आणि ढसाढसा रडली. “एवढंच होतं गं,” म्हणत राहिली. “एवढंच! दोन शब्दांचं काम.” मी शेजारी बसून साहेबांना येतील तेवढ्या शिव्या घातल्या. त्याने काही झालं नाही.

पुढच्याच महिन्यात तिने नोकरी सोडली. आता मिळालेलं असताना! मी भडकले. “वेडी आहेस का? तू जिंकलीस ना? ते उतरले ना आधी?”

“उतरले की,” ती म्हणाली. “पण माझं स्टेशन त्याच्या आधीच येऊन गेलं गं. हात मोडला त्या सोमवारी. मी त्यांच्याकडे बघत बसले, खिडकीबाहेर बघितलंच नाही.”

नंतर फोनवर सांगत होती, घरी राहिली तर पहिला आठवडाभर लेक रोज सकाळी उठून विचारायची, “आई, आज छुट्टी है क्या?” उजेडात आई दिसली की रविवार, असं पोरीचं पक्कं झालेलं. आता ती पोरीला रोज एक मराठी शब्द शिकवते. ‘घसरगुंडी’ तिला येत नव्हता, तो आधी शिकवला म्हणाली. मी फोन ठेवला आणि माझा राग, जो थोडा निवला होता, तो पुन्हा पेटला. कारण हे सगळं ज्याच्यामुळे झालं त्याचं काय गेलं? नुसती एक खुर्ची.

यंदा संक्रांतीला कोपर्निकस मार्गावरच्या सदनात दिल्लीच्या मराठी मंडळाचं तिळगूळ होतं. मी डबा घेऊन गेले होते. गर्दीत खांद्यावर टकटक झाली. वळले तर साहेब! थोडे वाळलेले, स्वेटर तोच. तोंडभर हसत म्हणाले, “अहो, ओळखलंत का? आणि आपल्या त्या पानिपतकर? कुठे असतात हल्ली?”

“पानिपतला,” मी म्हटलं.

त्यांना काहीतरी सुचलं असावं, ओठ हलले, पण बोलले नाहीत. तळहात पुढे केला. मी डब्याचं झाकण उघडलं, एक वडी उचलली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

“घ्या,” म्हटलं, आणि शेजारच्या आजींकडे वळले.