गाऱ्हाण्यातला काका

लढाईचा पिक्चर म्हटलं की आमचे बाबा कुठेही जायला तयार. त्यामुळे मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमधल्या ख्रिस्ती आंटीने, चर्चच्या हॉलमध्ये रविवारी एक आहे, फुकट आहे, असं सांगितल्यावर ते इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी दारात उभे. आई आणि मी मागून. आणि पडद्यावर काय, तर कैदीच कैदी! शत्रूच्या छावणीत कोंडलेले, बरगड्या वर आलेले. बंदूक एकदाही धड वाजली नाही. बाबांचं तोंड पार उतरलं.

सिनेमा इंग्रजी होता. रीळ बदलताना दिवे लागत, तेव्हा वसईकडचे म्हातारे पाद्री मराठीतून गोष्ट समजावत. एक कैदी पळून जायच्या बेतात असतो. त्याचाच सोबती पावाच्या तुकड्यासाठी पहारेकऱ्यांकडे चुगली करतो. पळणारा पकडला जातो, मार खातो, पायाने अधू होतो. पुढे फितूर कोण ते सगळ्यांना कळतं आणि कोणी त्याच्या शेजारी बसेनासं होतं. तेव्हा तो लंगडा उठतो, आपल्या वाटणीचा पाव मोडतो आणि अर्धा त्या फितुराच्या हातावर ठेवतो.

"त्याने माफी मागितली नव्हती बरं का," पाद्री म्हणाले. "ह्यानेच आधी दिली."

मी चोरून बाबांकडे पाहिलं. आईनेही पाहिलं. कारण आमच्याही घरात एक फितूर होता. माझा काका.

दोघे भाऊ एकाच गिरणीत. संप झाला तेव्हा बाबा शेवटपर्यंत संपाबरोबर राहिले. कुर्ल्याला राहणाऱ्या काकाची पोरं लहान होती, घरात चूल पेटेना, तो एक दिवस मागच्या गेटने कामावर गेला. बाबांची नोकरी गेली ती गेलीच. मग ते साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लागले. "माका भाव नाय," असं त्यांनी जाहीर करून टाकलं. त्यांचा भाऊ गेला ते त्यांचं त्यांना ठाऊक. माझा काका फुकटचा गेला त्याचं काय? गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची माटवी बांधावी तर त्यानेच. मला खांद्यावर घेऊन वरच्या गाठी माझ्याकडून मारून घ्यायचा. तो यायचा बंद झाल्यावर बाबा बांधायचे ती माटवी दरवर्षी एका बाजूला कलायची, आणि आम्ही सगळे ती सरळच आहे असं समजायचो.

आम्हा मालवणी लोकांत गणपतीसमोर गाऱ्हाणं घालतात. घरातला मोठा पुरुष देवाला सगळ्यांच्या वतीने सांगतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. बाबा गावच्या घरासाठी मागत, गुराढोरांसाठी मागत, चुकलंमाकलं पदरात घे म्हणत. पण भावाची जागा आली की सरळ उडी मारून पुढे जात.

सिनेमाहून परत आल्यावर बाबा जिना चढताना एवढंच म्हणाले, तो लंगडा ठार येडा होता.

त्या वर्षीच्या गाऱ्हाण्यात ते त्याच जागी आले आणि थांबले. आईने माझा हात धरला. बाबा खाली बघून भराभर बोलले, "आणि माज्या धाकट्या भावाक, तेच्या पोराबाळांक सुखी ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" मी इतक्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरची बाई वर बघायला आली. मला रडू फुटलं. आता काका येणार! उद्याच बाबा कुर्ल्याला जाणार!

दुसऱ्या दिवशी बाबा जेवून आडवे झाले. आईने हळूच विषय काढला, त्याला निरोप तरी धाडा.

"देवाक सांगलंय मा," बाबा म्हणाले. "आता आणि कोणाक सांगू?"

मेला तो हट्ट! पुढे दर गणपतीला बाबा भावासाठी मागत राहिले आणि मी दाराकडे बघत राहिले. देव कसला निरोप पोचवतोय! काकाला ह्यातलं काही कळलं नाही. मलाही एकटीने कुर्ल्याला कोण पाठवणार? मोदक उरले की आई म्हणायची, भावोजी असते तर उरले नसते. मग काकाने कुर्ल्याची खोली सोडली आणि तो गावाकडे गेला. तिथेच एका पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन गेला.

त्या वर्षी सुतक होतं, गणपती बसला नाही. पुढल्या वर्षी बसला. बाबांनी माटवी बांधली, कललेली. गाऱ्हाणं सुरू झालं. सवयीने ते त्या जागी आले आणि म्हणाले, "आणि माज्या धाकट्या भावाक सुखी ठेव रे म्हाराजा."

मी आईकडे पाहिलं. बाबा तसेच हात जोडून वाट बघत उभे राहिले. शेवटी आई पदर तोंडाशी धरून म्हणाली, "व्हय म्हाराजा."