गुरुवारची शिशी

गुरुवार, १४ मार्च १९५७. वेळ सकाळी सव्वादहाची. आकडा एकवीस पॉइंट दोन. हजर माणसं : मल्लेश्वरमच्या लॅबोरेटरीत रक्त तपासणारे शेषगिरीराव आणि पाच मिनिटांनी पोचलेला मी, बसवनगुडीच्या नर्सिंग होममध्ये माझी पत्नी इंदू, आमची चार दिवसांची मुलगी आणि मुनियम्मा आया. शिवाय या दोन्ही ठिकाणी आणखी एक बाई... तिचं नाव मला अकरा वर्षांत कळलेलं नाही.

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा मी माणूस नाही. सर्व्हे खात्यात जमिनींची क्षेत्रफळं तपासण्याचं माझं काम. दुसऱ्याने काढलेला आकडा स्वतः पुन्हा काढल्याशिवाय मी सही करत नाही. आमचं घराणं तीनशे वर्षांपासून बंगळूरचं. घरात अंगात येणाऱ्या दोन आत्या होऊन गेल्या, त्यांच्यापुढेही मी कधी हात जोडले नाहीत. आपल्या सदरात छापून येणारे वाचकांचे अनुभव वाचून मी बहुतेक वेळा पान उलटतो, हेही खरं. तरी लिहितोय, कारण हे एक गणित मला सुटलेलं नाही.

मुलगी आठव्या महिन्यात झाली, रविवारी. वजन चार पौंड. सोमवारी संध्याकाळी डोळे पिवळे दिसू लागले. डॉक्टर म्हणाले, अशा मुलांना कावीळ होतेच, पण रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे ते पिवळं द्रव्य, रोज मोजायला हवं. शंभर सीसीमागे वीस मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते मेंदूत उतरतं. मूल कदाचित जगतं, पण धड राहत नाही. वीस ओलांडलं तर सगळं रक्त बदलावं लागेल. ते त्यांनी तोवर दोनदाच केलं होतं, आणि त्यातलं एकच मूल वाचलं होतं. हे त्यांनी मला बाहेर व्हरांड्यात सांगितलं, इंदूला नाही.

नर्सिंग होममध्ये मोजण्याची सोय नव्हती. रक्ताची शिशी घेऊन नातेवाइकानेच मल्लेश्वरमला जायचं. चार मैल, सायकलला पस्तीस मिनिटं. शिशी हिंदकळू नये म्हणून मी पत्र्याची एक चिमटी करून हँडलला बसवली. शिशी तीत सरळ उभी राही, डोळ्यांसमोर. मार्चचं ऊन तिच्यावर पडे आणि मला बरं वाटे, की एक थेंब हलला तरी दिसेल. लॅबोरेटरीत शेषगिरीराव ती पूर्वेच्या खिडकीत तासभर ठेवत, रक्त गोठून वर पिवळं पाणी सुटेपर्यंत. मग औषध घालून कलरीमीटरवर रंगाचं माप. ते मुख्यतः एका टॉनिक कंपनीसाठी जीवनसत्त्वं मोजत, बिलिरुबिन क्वचित.

मंगळवारी आकडा आला नऊ पॉइंट आठ. बुधवारी अकरा पॉइंट सहा. डॉक्टरांनी मुलीच्या छातीवर बोट दाबून पाहिलं, परत चिठ्ठी वाचली. "दिसतं त्यापेक्षा आकडा कमी आहे," म्हणाले. "पण आकडा आहे तो आहे. उद्याही एवढाच आला तर शनिवारी घरी न्या."

इंदू म्हणाली, "अहो, तळवे बघा तिचे. हळद लावल्यासारखे झालेत. दूधही ओढत नाही."

"अकरा पॉइंट सहा आहे, अगं. वीसला अजून लांब आहे."

"तुमच्या आकड्याला मूल मांडीवर घ्यायला सांगा एकदा."

मी तो टोमणा मनावर घेतला नाही. उलट मुनियम्माला सांगून पाळणा कपाटाआडच्या कोपऱ्यात नेला आणि खिडकीला जाड पडदा लावून घेतला. आमच्याकडे बाळंतिणीची खोली अंधारीच ठेवतात.

गुरुवारी पावणेदहाला मी शिशी घेऊन निघालो. दहा वीसला पोचलो, तर शेषगिरीराव फाटकात उभे. मी उतरायच्या आत त्यांनी शिशी चिमटीतून काढली, खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळली आणि आत चालू लागले. खिडकीकडे नाही... आतल्या अंधाऱ्या खोलीकडे.

"तिकडे कुठे?" मी विचारलं.

"तुमच्या अक्का सांगून गेल्या ना."

"कोण अक्का? मला बहीण नाही."

ते थांबले. "आत्ता पाच मिनिटांपूर्वी, हो. सव्वाचा ठोका पडला तेव्हा दारात होत्या. म्हणाल्या, आमच्या भावाची शिशी येतेय, तिला उजेड दाखवू नका. जीवनसत्त्वाचं जिथे करता तिथेच करा. तुमच्यासारखंच बोलल्या, कन्नडात मधेच मराठी. बसा म्हटलं, तर बसल्या नाहीत."

मला वाटलं, माणूस दुसऱ्या कुणाचं तरी माझ्या माथी मारतोय. तसं म्हणालोही.

"असेल," ते म्हणाले. "पण राव, बी-टू जीवनसत्त्व मोजताना मी दिवासुद्धा लाल लावतो. उजेडात ते मरतं. यालाही तसंच काही होत असेल हे इतक्या वर्षांत मला सुचलं नाही. करून बघायला काय जातं? स्वल्प थांबा."

साडेअकराला ते बाहेर आले. चिठ्ठी दिली. एकवीस पॉइंट दोन. पुन्हा करून पाहिलं होतं : एकवीस पॉइंट शून्य. डॉक्टरांना फोन त्यांनीच केला, तोवर मी सायकल काढली.

परतीचा रस्ता मला आठवत नाही. वॉर्डात शिरलो तर खिडकीचा पडदा काढलेला, पाळणा थेट उन्हात, आणि मुलगी नुसत्या लंगोटावर.

"हे कुणी केलं?"

मुनियम्मा म्हणाली, "तुमच्या अक्कांनीच सांगितलं की, अण्णा. पाळण्याचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी."

इंदूने मान डोलावली. मूळची ती धारवाडची, लग्नाला चारच वर्षं झालेली. आमच्या गोतावळ्यातली निम्मी माणसं तिला ठाऊक नव्हती. "मला वाटलं तुमच्याकडच्या कुणी. म्हणाल्या, शिशी अंधारात ठेवायची आणि बाळ उजेडात. तुम्ही उलटं करताय."

"किती वाजता?"

तिने दुधाचा तक्ता पुढे केला. दर तीन तासांनी किती दूध गेलं ते मीच तिला लिहायला लावलं होतं. सव्वादहाचं दूध पाजायला घेतलं तेव्हा ती बाई पाळण्याशी उभी होती. सव्वादहा! मी तेव्हा मल्लेश्वरमच्या चढावर होतो.

मी पडदा लावायला गेलो. इंदूने पडद्याचं टोक धरून ठेवलं. टाके ओले होते तिचे, तरी उठून उभी राहिली. "तीन दिवस तुमच्या आकड्यांचं ऐकलं," ती म्हणाली. "पाळणा हलवायचा नाही."

तेवढ्यात डॉक्टर आले. चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी उन्हाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. "राहू दे," म्हणाले. "रक्त देणारा येईपर्यंत मला दुसरं काही करता येत नाही."

रक्त देणारा फ्रान्सिस तीनच्या सुमाराला आला, लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेला. बाटलीमागे पंधरा रुपये हा त्याचा दर. तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला. डॉक्टरांनी बदलण्याआधी एकदा मोजायचं ठरवलं. शिशी काळ्या कागदात गुंडाळून मी पुन्हा गेलो : वीस पॉइंट चार.

"चढत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "एवढ्याशा जिवाला सुई लावण्यात धोका कमी नाही. सकाळपर्यंत वाट बघू. जबाबदारी माझी."

"माझीही," इंदू म्हणाली.

शुक्रवारी ऊन आल्याबरोबर पाळणा खिडकीत. आकडा एकोणीस पॉइंट एक. शनिवारी साडेसोळा. शनिवारी दुपारी मुलीने दूध ओढलं आणि संपल्यावर मोठ्याने रडली. पाच दिवसांत पहिल्यांदा.

पुढच्या महिन्यात मी चौकशी केली. बाई पन्नाशीची होती असं सगळे म्हणत; पंचेचाळीसच्या वरच्या आमच्या नात्यातल्या बायका गावात एकोणीस निघाल्या, सगळ्यांकडे जाऊन आलो. त्या गुरुवारी कुणीही तिकडे गेलेलं नव्हतं. शेषगिरीरावांचं घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, दोन मिनिटं पुढे होतं. नर्सिंग होमचं बरोबर होतं. मोटारीनेही तेवढ्यात चार मैल होत नाहीत. दोन वेगळ्या बायका असतील म्हणावं, तर शेषगिरीराव आणि मुनियम्मा एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, आणि दोघांनी, वेगवेगळं विचारल्यावर, हिरवं इरकल सांगितलं आणि डाव्या हाताची वाकडी करंगळी सांगितली. इंदूला करंगळीचं आठवत नाही. हेही लिहून ठेवतो.

१९६३ मध्ये डॉक्टरांनी मला मुद्दाम बोलावून एक परदेशी मासिक दाखवलं. उजेडाने बिलिरुबिन उतरतं, शिशीतलंही आणि मुलाच्या अंगातलंही, असं त्यात होतं. म्हणजे पहिले दोन आकडे माझ्या चिमटीने आणि त्या खिडकीने, शिशीला ऊन दाखवून, कमी करून टाकले होते. मी विचारलं, हे सगळ्यात आधी कुठे छापून आलं? त्यांनी शोधून तारीख दाखवली. ती आमच्या गुरुवारनंतरची होती.

"मग त्या बाईला कसं कळलं?" मी म्हणालो.

"तुम्ही सर्व्हेवाले," ते म्हणाले. "तुम्ही सांगा."

मला सांगता आलेलं नाही. शेषगिरीरावांना जीवनसत्त्वांवरून अंदाज आला असेल, मुनियम्माला एखादी जुनी रीत ठाऊक असेल, हे सगळं मी मांडून पाहिलं. सव्वादहाशी येऊन अडतं. मुलगी आता पाचवीत आहे. गणितात कच्ची आहे, पण तो दोष बिलिरुबिनचा नाही असं डॉक्टर म्हणतात.

त्या शनिवारी फ्रान्सिसला घरी जायला सांगितलं. तीन दिवस तो बाकावर बसून होता. मी पंधरा रुपये पुढे केले.

"रक्त घेतलं कुठे, सार?" तो म्हणाला. "पैसे कशाचे?"

"थांबलात त्याचे."

त्याने आत येऊन पाळण्यात डोकावून पाहिलं. मुलगी उन्हात हातपाय हलवत होती. मग माझ्या हातातली दहाची नोट घेतली, पाचाची परत माझ्या मुठीत ठेवली. "दहा सरी. थांबल्याचे दहा बरोबर," म्हणाला, आणि टोपी घालून निघाला.