रिकामा गडू

माझे काम सरकारी कोठीत धान्य मापून देण्याचे. त्यामुळे घरातले कोणी प्रवासाला निघाले की बांधाबांध माझ्याकडे येई. वडील काशीला पायी निघाले तेव्हाही आली.

जथ्यात ज्याचे ओझे त्याने वाहायचे असे ठरले होते. वडिलांच्या खांद्याला पाच शेरांपेक्षा जास्त पेलणार नाही, असा माझा हिशेब. पडशीच्या दोन्ही पिशव्या सारख्या भरल्या नाहीत तर खांदा सोलतो, म्हणून एकेक जिन्नस तागडीत घालून मी भरत होतो. पुढच्या पिशवीत सातूचे पीठ, गूळ, मेतकूट आणि पहिल्या मुक्कामांपुरत्या दशम्या. त्या बायकोने दुधातच भिजवल्या होत्या, कारण पाण्यात भिजवलेले वडिलांनी सोवळ्यामुळे वाटेत खाल्ले नसते. मागच्या पिशवीत धोतर, सोवळ्याची धाबळी, विहिरीसाठी दोरी आणि वहाणांचा दुसरा जोड.

वडिलांनी तो जोड बाहेर काढला.

"जाऊन येऊन एक जोड पुरणार नाही, बाबा."

"तिथवर पुरेल," ते म्हणाले.

मी तांब्याचा गडू आत ठेवला. काशीला गडूत गंगा भरून तोंड लाखेने बंद करायचे, घरी आणायचे, मग मावंद्याचे जेवण घालायचे. त्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. वडिलांनी गडूही काढला. जड होतो म्हणाले. मी गूळ कमी करून तो पुन्हा ठेवला. त्यांनी गूळ आत घातला आणि गडू माझ्यापुढे सरकवला.

"गूळ वाटेत संपत जातो. हा संपत नाही."

आई जाऊन वर्ष झाले होते. वडिलांना परत यायचे नव्हते, हे मला तेव्हा कळले. बायको दारात उभी होती, तिलाही कळले.

"मावंद्याला माणसे बोलवायची आहेत," मी म्हणालो.

"बोलव की. कोठीवाल्याच्या घरचे जेवण कोण सोडतो?"

निघायच्या दिवशी मी गडू धाबळीत गुंडाळून त्यांच्या नकळत आत घातला. येरवड्याला नदीच्या उतारापर्यंत आम्ही पोचवायला गेलो. पाण्यात उतरण्याआधी वडील थांबले, पडशी खांद्यावर हलवून पाहिली.

"मागची बाजू जड आहे. तुझे माप कधी चुकत नाही."

त्यांनी धाबळी उलगडली, गडू माझ्या हातात दिला आणि माझ्या मनगटावर क्षणभर हात ठेवला. मग ते पाण्यात उतरले. पलीकडे पोचल्यावर त्यांनी वळून पाहिले नाही.

जथा परतल्याची खबर आली तेव्हा मी तोच गडू घेऊन उतारावर गेलो. येणारी माणसे मोजली. एक कमी होता. जथ्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सांगितले, की वडिलांचे गंगेत स्नान झाले आणि पुढे काही दिवसांत ते तापाने गेले. मग त्यांनी आपल्या गडूची लाख फोडली आणि माझ्या गडूत अर्धी गंगा ओतली.

विचारण्यासारखे पुष्कळ होते. माझ्या तोंडून वहाणांचेच निघाले.

"तिथवर पुरल्या," ते म्हणाले.