पाठमोरी बसले तेव्हा

सासूबाईंना शब्द दिला तेव्हा माझ्या मनात श्रद्धा नव्हती. फोनचं कार्ड संपत आलं होतं आणि मला वाद नको होता. आम्ही क्वालालंपूरच्या हॉटेलात होतो. दुसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या गुहांतलं मुरुगनचं देऊळ बघायला जाणार, एवढंच मी त्यांना साताऱ्याला फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामीच ना? मग तू वर जाऊ नकोस हं. आपल्याकडे बायका एरवी त्याचं दर्शन घेत नाहीत. कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका असली तरच." मी म्हटलं, नाही जात. "आणि खालूनही वर बघत बसू नकोस." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

रियाधला जाण्यापूर्वी मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या तारखा, नावं आणि आकडे तपासणं हे माझं काम होतं आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. नवरा, मंदार, रियाधमधल्या एका बँकेत आयटी विभागात होता. फॅमिली व्हिसा मिळेपर्यंत आम्ही तीन वर्षं वेगळे राहिलो. आमची मुलगी ईशा त्या काळात वडिलांना फोनमधला आवाज म्हणूनच ओळखायची. व्हिसा आला तेव्हा सासूबाईंनी माझ्या बॅगेत कपड्यांच्या घडीत चार देव गुंडाळून दिले. तिथे उघड पूजेला बंदी, म्हणून रियाधच्या घरात ते स्वयंपाकघरातल्या कपाटात, गव्हाच्या डब्यामागे असायचे. सकाळी दार उघडून निरांजन लावायचं आणि शांत झालं की दार बंद करायचं. मी ते नेमाने करत होते. हात जोडलेले असताना मन कुठे असायचं, ते मात्र मला खात्रीने सांगता येणार नाही.

त्या वर्षी शाळेला सुट्टी लागताच मी आणि ईशा भारतात गेलो. रियाधमधली बहुतेक मराठी कुटुंबं असंच करतात. बायकामुलं आधी, नवरे मागाहून. मंदार ऑगस्टमध्ये आला आणि परत जाण्याआधी आम्ही आठवडाभर क्वालालंपूरला गेलो. ते शहर मला पहिल्याच दिवशी आवडलं. रियाधमध्ये दोन चौकांपलीकडच्या दुकानात जायचं तरी मी ड्रायव्हरला फोन करायचे. इथे मी सकाळी एकटी हॉटेलातून निघाले आणि दीड तास नुसती चालले. डोक्याला रुमाल बांधलेल्या मुली स्कूटरवरून कामाला निघाल्या होत्या. मोनोरेल डोक्यावरून जात होती. एका गल्लीत मशीद होती, तिच्यापासून थोड्या अंतरावर हार-फुलांचं दुकान, आणि त्यापुढे गणपतीचं देऊळ, दारं सताड उघडी. आत घंटा वाजत होती आणि बाहेर पदपथावर उदबत्तीचा वास येत होता. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. परदेशातही देवाचं दार असं उघडं असू शकतं हे मी विसरले होते, ते तिथे कळलं.

बुधवारी आम्ही गुहांकडे गेलो. पायथ्याशी मुरुगनची सोनेरी मूर्ती आहे, दहा-बारा मजली इमारतीएवढी. तिच्या बाजूने दोनशे बहात्तर पायऱ्या वर डोंगराच्या पोटात जातात. तमिळ बायका डोक्यावर दुधाचे कलश घेऊन अनवाणी चढत होत्या. "आई, सगळ्या लेडीज जातायत, लुक," ईशा म्हणाली. मंदार हसला. "अगं, तू पेपरात असताना अशा प्रथांवर किती लिहिलंस. आणि आज आईच्या एका फोनवर खाली बसणार?" मी म्हटलं, "लिहिलं असेल. पण शब्द दिलाय." ते दोघं वर गेले. मी मूर्तीकडे पाठ करून एका दगडी बाकावर बसले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक वृद्ध अरब जोडपं होतं. बाईंचा काळा, पायघोळ अबाया पाहून मला रियाधच्या शेजारणीची आठवण झाली. त्यांनी थर्मासमधला कावा, म्हणजे अरबी कॉफी, माझ्यापुढे केला, मी पर्समधून शेंगदाण्याचे लाडू काढले.

माझ्या पर्समध्ये तिघांचे पासपोर्ट होते. पर्यटक ते हॉटेलच्या तिजोरीत ठेवतात. पण रियाधमध्ये इकामा, म्हणजे तिथल्या वास्तव्याचं ओळखपत्र, जवळ असल्याशिवाय कोणी दाराबाहेर पडत नाही. प्रवासाला निघताना इकामा कंपनीकडे जमा होतो आणि पासपोर्ट हाती येतो. ज्या खिशात इकामा असायचा त्या खिशात मी सवयीने पासपोर्ट ठेवले होते. माकड मागून आलं. मी मूर्तीकडे पाठ केलेली असल्यामुळे ते मला दिसलंच नाही. त्याला लाडू हवे होते, पण हाती लागली उघडी पर्स. त्याने ती दोन पायऱ्या वर ओढली आणि उलटी केली. त्या वृद्ध गृहस्थांनी काठी आपटली, माकड पडलेले लाडू घेऊन पळालं, आणि ते वाकून एकेक वस्तू गोळा करू लागले.

"बंदर भी जवाज़ात का आदमी है," ते मोडक्या हिंदीत म्हणाले. जवाज़ात म्हणजे पासपोर्ट खातं. "पहले पासपोर्ट माँगता है." त्यांच्या बायकोने तोंडावर हात ठेवून हसू दाबलं. त्यांनी सांगितलं की ते सौदीतल्या हफ्र अल बातिनचे. सरहद्दीवरच्या चौकीत तीस वर्षं खिडकीत बसून ट्रकवाल्यांचे पासपोर्ट तपासले, हिंदी तिथेच शिकले. बोलता बोलता त्यांचा अंगठा माझ्या पासपोर्टच्या उघड्या पानावर थांबला. सवयच ती. मीही त्यांच्या जागी असते तर वाचलंच असतं.

"बेटी, वापस कब जाना?"

"संडे को."

त्यांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. मग पुन्हा मोजलं. "संडे नहीं. जुम्मा खलास."

मला वाटलं, त्यांची गफलत होतेय. आमचा री-एन्ट्री, म्हणजे परत येण्याचा, व्हिसा दोन महिन्यांचा होता आणि मी स्वतः साताऱ्याच्या घरातल्या कॅलेंडरवर मोजून शेवटच्या दिवसावर, सोमवारवर, खूण केली होती. त्यांनी पान माझ्यासमोर धरलं. अरबी आकडे मला वाचता येत होते; भाजीच्या दुकानातल्या पाट्यांवरून शिकले होते. तिथे हाताने लिहिलं होतं, शाबानची, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्याची, अठरा. त्या दिवशी शाबानची सोळा होती. व्हिसाचे दोन महिने हिजरी, म्हणजे चांद्र होते, एकोणसाठ दिवसांचे. मी मोजलेले जुलै-ऑगस्ट बासष्ट दिवसांचे. तारीख पहिल्या दिवसापासून पानावर होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारखा तपासल्या, पण ही मी वाचलीच नव्हती.

मुदत चुकली तर काय होतं ते मला ठाऊक होतं. मंदारचा व्हिसा वेगळा होता, तो परतला असता. मी आणि ईशा विमानतळावरून मागे, आणि मग कफीलचं, म्हणजे तिथल्या जामीनदार मालकाचं पत्र, शिक्के, वाट पाहणं, सगळं पहिल्यापासून. पुन्हा तीन वर्षं फोनमधला आवाज. त्या बाईंनी माझ्या हातात कावा दिला आणि कप मी धरीपर्यंत खालून आपला हात काढला नाही.

मंदार खाली आला तेव्हा त्याचा विश्वास बसेना. वृद्ध गृहस्थांनी त्याला शांतपणे पान दाखवलं आणि म्हणाले, "अभी पूछो मत. अभी यल्ला, चलो." त्यांनीच आम्हाला टॅक्सी करून दिली. मी आभार मानले, पण नाव विचारायचं राहून गेलं.

रमजान दोन आठवड्यांवर आला होता आणि सुट्टीला आलेली सौदी कुटुंबं परत निघाली होती. विमान कंपनीच्या तिकिटांच्या खिडकीवरची मुलगी दोनदा "नो सीट" म्हणाली. आम्हाला एक नाही, तीन जागा हव्या होत्या, कारण रियाधला बाई एकटी उतरली तर तिला घ्यायला नवरा हजर असावा लागतो. मी बाजूच्या खुर्चीत बसले होते. करण्यासारखं माझ्या हातात काहीच नव्हतं. फोन करायला ओळख नव्हती, दाखवायला कागद नव्हता. डोळे मिटले तर गव्हाच्या डब्यामागचे देव दिसले. मी काही मागितलं नाही. इतकंच म्हटलं, मला जमलं नाही, आता तुम्ही बघा. मंदारने खांद्याला हात लावला तेव्हा तिसऱ्यांदा विचारून झालं होतं. गुरुवारी रात्री, बहारीनमार्गे, तीन वेगवेगळ्या रांगांत तीन जागा सुटल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी रियाध विमानतळावरच्या खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने पान पाहिलं, भुवई उंचावली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आखिर योम." शेवटचा दिवस. मग शिक्का मारून पासपोर्ट सरकवला. ईशाने वडिलांचं बोट धरलं आणि पुढे चालू लागली.

हे कसं घडलं ते मी ओळीने लिहिलं आहे. योगायोग म्हणणाऱ्याशी माझं भांडण नाही. मीही कित्येक वर्षं तेच म्हटलं असतं. मला फक्त एवढं माहीत आहे की मी वर गेले असते तर ते पान कोणी वाचलं नसतं, आणि वर न जाण्याचं श्रेय माझ्या भक्तीला नाही. मी फक्त शब्द पाळला होता, तोही कुरकुरत. त्या अनोळखी जोडप्याचं घर सुखात राहो, असं मी आजही रोज निरांजन लावताना म्हणते. तारखा आता दोन्ही कॅलेंडरांवर तपासते. पण तपासून झालं की हात जोडते, आणि तेव्हा मन कुठे असतं ते सांगता येतं.

घरी पोचल्यावर मी साताऱ्याला फोन लावून सगळं सांगितलं. सगळं ऐकून सासूबाईंनी शेवटी विचारलं, "मग तू बघितलंस का गं वर?"

"नाही. शेवटपर्यंत पाठ करूनच बसले होते."

"असू दे," त्या म्हणाल्या. "तो तुझ्याकडे बघत होता ना."