डावा कान तेवढा

राणी मेटकरी आटपाडी-सांगली गाडीवर कंडक्टर आहे, अकरा वर्षं झाली. गाडी रिकामी असली तरी ती सीटवर बसत नाही. बसलं की पाय आपोआप हलायला लागतात, म्हणते. अंगावर खाकी चढवली की आपलं असं काही उरत नाही, म्हणून ती कानांत लग्नातले झुबे घालायची. नवरा अमृत सैन्यात, पंजाबात. भोकं किती ओघळलीत बघ, ड्युटीवर एवढं जड घालू नको, असं त्यानं दोनदा सांगितलं होतं. तिनं ऐकलं नाही.

गेल्या पौषात विट्याच्या स्टँडवर भरपूर माणसं चढली. राणी तिकिटाचं मशीन वर धरून गर्दीतून सरकत होती. एका म्हातारीच्या खांद्यावर घोंगडं होतं. त्याच्या दशांमध्ये राणीचा डावा झुबा अडकला आणि तेवढ्यात मागून रेटा आला. झुबा दशीला लोंबकळत राहिला. राणीनं कानाला हात लावला, तर बोटं लाल झाली. पाळी खालपर्यंत चिरली होती.

"दाबून धर," म्हातारी म्हणाली. तिनं आपला पदर मागं सारला. तिच्याही दोन्ही पाळ्या मधोमध फाटलेल्या होत्या, नुसती दोन-दोन टोकं लोंबत होती. "ह्यानं माणूस मरत न्हाई गं."

ती राहीबाई. आटपाडीकडच्या मेंढपाळ घरातली, लेक आष्ट्याला दिलेली. महिन्यातून एकदा तरी लेकीकडं जायची.

सांगलीत उतरल्यावर राणीनं दवाखान्यात पट्टी करून घेतली. आजच टाके घाला, नाहीतर दोन्ही कडा वेगवेगळ्या भरतील, असं तिथल्या नर्सनं सांगितलं. पण परतीची फेरी होती. राणी तशीच निघाली. कडा वेगवेगळ्याच भरल्या.

मग तिला काही सुचेना. तिकीट काढताना समोरच्याच्या चेहऱ्याकडं बघायच्या आधी ती कानाकडं बघायची. कुणाचं भोक ओघळलंय, कुणाची पाळी आता दोऱ्याएवढीच उरलीय, हे तिला चालत्या गाडीत दिसायला लागलं. केस कानावर ओढायचे, वाऱ्यानं उडाले की पुन्हा ओढायचे. अमृतचा व्हिडिओ कॉल आला की ती उजवा गाल पुढं करून बसायची, मध्येच उठायची, दूध उतू गेलं म्हणायची.

बायका विचारायच्या ते सगळ्यात वाईट होतं. "नवऱ्यानं ओढलं का गं?" नाही म्हटलं की त्या मान हलवायच्या, समजलं अशी. घोंगड्याची गोष्ट सांगितली की आणखीच मान हलवायच्या. पंजाबात बसलेल्या माणसाच्या नावावर हे लागतंय, याचा तिला घरी गेल्यावर संताप यायचा आणि झोप उडायची.

महिन्याभरानं राहीबाई पुन्हा गाडीत आली. तासगाव मागं पडल्यावर गर्दी उतरली, तशी राणी तिच्या सीटजवळ जाऊन उभी राहिली.

"आज्जी, तुमचे कान कशानं फाटले?"

"उजवा कोकरानं. बाभळीच्या कुंपनावरनं उचलून घेत हुते, त्यानं पाय झाडला, बाळीत अडकला. लय गुणाचं कोकरू हुतं."

"आणि डावा?"

राहीबाई खिडकीबाहेर बघत राहिली. द्राक्षाच्या बागा मागं जात होत्या.

"डावा मालकांनी," ती म्हणाली. "मानसं इच्यारायची तवा दोन्ही कोकरानंच फाडलं म्हून सांगायची. मालक जाऊन आता धा वर्सं झाली. तरी तेच सांगतीया."

राणीनं मशीनमधली कागदाची गुंडाळी उगाच उघडून पुन्हा बसवली. मग म्हणाली, "शिवून मिळतात म्हणे, सांगलीत. मी जाणार आहे. येता का?"

"कवाचं फाटल्यालं बी शिवत्यात?"

"विचारू की."

पुढच्या आठवड्यात, गाडीत ठरलेल्या दिवशी, रजा टाकून राणी विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात गेली. राहीबाई आधीच येऊन पायरीवर बसली होती. डॉक्टर श्रद्धा तिशीतल्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी राणीचा उजवा कानही बोटांत धरून पाहिला. "हाही चार-सहा महिन्यांत जाईल. दोन्ही करून टाकू. भुलीचं इंजेक्शन कानापुरतंच. भरलेल्या कडा कापून ताज्या करायच्या आणि जोडायच्या. पण हलायचं नाही."

तोंडावर हिरवं कापड पडलं आणि राणीला पाऊण तास हलता आलं नाही. दुखत नव्हतं, पण दोऱ्याची ओढ कळत होती. तिनं मनात आटपाडीपासूनचे सगळे थांबे म्हटले, संपल्यावर उलटे म्हटले.

मग राहीबाई टेबलावर चढली.

"माझा डावा तेवढा करा, बाई."

"आजी, दोन्ही एकदम होतील. पुन्हा यायला नको."

"न्हाई. उजवा कोकराचा हाय. ऱ्हाऊ द्या."

डॉक्टरांनी राणीकडं बघितलं. राणी खाली बघत होती. "बरं," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी डाव्या कानाला औषध लावलं.

संध्याकाळी दोन्ही कानांना पट्ट्या लावून राणीनं अमृतला फोन लावला आणि तोंड सरळ समोर धरलं. सगळं सांगितलं, बायका काय म्हणायच्या तेही. "मला वाटलं दाढ दुखतीय," तो म्हणाला. "महिनाभर एकच गाल दाखवत होतीस." मग थोड्या वेळानं, "झुबे ठेवून दे आता."

आठव्या दिवशी टाके निघाले. तीन महिने कानांत काही घालायचं नव्हतं, आणि नंतर भोक जुन्या खुणेवर न पाडता शेजारी पाडायचं होतं. बारीक रेघ उरली, जवळून बघितली तरच दिसणारी. राणीचा हात मात्र अजून केसांकडं जायचा.

राहीबाई त्यानंतर दीड महिना गाडीत दिसली नाही. राणी प्रत्येक फेरीला आटपाडीच्या स्टँडवर बाकांवरनं नजर फिरवायची, ड्रायव्हरनं हॉर्न दिला तरी दारात थांबायची. नंबर घ्यायचा राहूनच गेला होता.

एका सोमवारी परतीच्या फेरीला ती सांगलीत चढली. डावी पाळी सलग झाली होती.

"कुठं होता इतके दिवस?"

"आष्ट्यालाच हुते. लेकीनं इच्यारलं, एकच कान का केला. मग सांगितलं तिला."

"काय म्हणाली?"

"कायबी न्हाई. त्या दिवशी जेवली न्हाई. दुसऱ्या दिवशी जेवली."

मागून कुणीतरी तासगाव दोन म्हणून हाक मारली. राणीनं राहीबाईचं तिकीट काढून हातात दिलं, आणि मग, गाडी भरलेली असताना, म्हातारीनं सरकून केलेल्या जागेवर दोन मिनिटं बसली.